ओट्यावरची गोष्ट गव्हाणला कशी गेली

चंद्रावतीला न विचारता आमच्या गावात लगीन ठरेल, पण लागणार नाही. ती धवलारीण. आमच्या आगरी लोकांत आता लग्नाला भटजी येतो, घड्याळ बघतो, घाई करतो आणि पुढच्या लग्नाला पळतो. पण मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत धवले म्हणायला बाईच लागते. धवला म्हणजे नुसतं गाणं नाही. त्यात देवांना बोलवायचं, गावदेवीला बोलवायचं आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांनाही नावं घेऊन मांडवात बोलवायचं. आता मेलेल्यांची नावं घ्यायची तर कोण कसं मेलं ते ठाऊक पाहिजे. कुणाची पहिली बायको विहिरीत गेली, कुणाचा भाऊ घर सोडून गेला तो आलाच नाही, कुठलं नाव मोठ्याने घ्यायचं आणि कुठलं ओठांतल्या ओठांत, हे सगळं चंद्रावतीच्या पोटात. आणि तिच्या पोटातून ते कधी वर आलं नाही.

ती मूळची गव्हाण गावची. बाप मिठागरावर कामाला. तिथेच आत्याच्या मागे मीठ ओढता ओढता ती धवले शिकली. त्यामुळे की काय, तिच्या आवाजात खारटपणा आहे. गोड आवाजाच्या पुष्कळ बायका असतात, त्यांना माइक लागतो. हिला लागत नाही.

आमच्या गावात लग्न होऊन आली तेव्हा नवरा शिवा बंदराच्या कामावर यंत्रापाशी उभा असायचा. यंत्राने त्याचे कान खाल्ले. आता त्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी तो म्हणतो, ‘कोण बोलतंय का?’ आम्ही तिला चिडवायचो.

‘तुझं बरं हाय गो. नवऱ्याला काय पण सांगितलंस तरी गावभर व्हायचं नाय.’

ती म्हणायची, ‘त्याला ऐकू येत असतं तरी काय सांगितलं असतं? चहा झाला, एवढं सांगितलं की पुरे.’

कोणी मनातलं सांगायला लागलं की ती त्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. सूप घेऊन जवळा, ती सुकी बारीक कोळंबी, निवडत बसते. खडा दिसला की उचलते, बाजूला टाकते. सांगणाऱ्याला वाटतं ऐकते की नाही. सगळं ऐकते.

आता आमच्या गावाचं सांगते. गाव पनवेलला लागून. पूर्वी मध्ये शेतं होती, आता टॉवर आहेत. गाव कुठे संपतं आणि पनवेल कुठे सुरू होतं हे फक्त गटारावरून कळतं. टॉवर आले तसे डोळेही आले. दुकानावर डोळा, देवळावर डोळा, खांबावर डोळा. माझी शेजारीण भामा टॉवरमध्ये मासळी विकायला जाते, तर गेटवर रोज तिच्या तोंडाचा फोटो काढतात. भामा म्हणते, ‘माझ्या लग्नात एकच फोटो काढला व्हता, तो पण हालला. आता बोंबलाच्या पाटीसंगं रोज काढतात. काय करतात येवढ्या फोटोंचं?’ ते मात्र तिला कोणी सांगत नाही.

मग एक डोळा माझ्याच घरावर आला. माझा मुलगा निकेश आणि सून वसुंधरा पुण्याला असतात, नातू शार्दूल तिकडेच शाळेत. दिवाळीला आले तेव्हा निकेशने ओट्यावर, दाराच्या वर, एक पांढरा कॅमेरा ठोकला. कोंबडीच्या अंड्याएवढा.

वसुंधरा म्हणाली, ‘आई, तुम्ही एकट्या असता. पडलात-बिडलात तर आम्हाला कळायला हवं ना.’

मी म्हटलं, ‘पडले तर ओरडेन की. चार घरं लागून हायत.’

ती हसली. माझी पुण्याची सून हसते तेव्हा काम अगोदरच झालेलं असतं.

दुपारी जेवणं झाली की भामा, चंद्रावती आणि मी माझ्या ओट्यावर बसतो, ही किती वर्षांची रीत. डोळा बसल्यावर आमचं बोलणं बिघडलं. भामा पदर सारखा करून बसायला लागली, जशी काही फोटोलाच बसली. शेवटी तिनेच तोड काढली.

‘ग्रहणात देव झाकतो ना आपण? तसा झाक याला.’

मी स्टुलावर चढले आणि जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्यावर गुंडाळला. लहानपणी आमच्याकडे पोपट होता, त्याच्या पिंजऱ्यावर फडकं टाकलं की तो गपगार झोपायचा. मला वाटलं, हाही झोपला.

संध्याकाळी वसुंधराचा फोन. ‘आई, कॅमेऱ्यासमोर काही आलंय का? काळं दिसतंय.’

‘धूळ बसते गो त्याच्यावर. म्हणून दुपारचा झाकते. उठले की काढते.’

‘हो का? बरं.’

एवढ्या लवकर ती कधी ‘बरं’ म्हणत नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

भामाची मुलगी दिपिका. पनवेलला दाताच्या दवाखान्यात कामाला जाते. तिचं लग्न गव्हाणच्या देवेशशी ठरलं. साखरपुडा झाला, तारीख निघाली. आणि एका दुपारी भामा ओट्यावर आली ती रडवेली. मी उठून डोळ्यावर कापड टाकलं. मग तिने सांगितलं की दिपिकाच्या पाठीवर कोड आहे. तळहाताएवढं, खांद्याच्या खाली. डॉक्टर म्हणतो याने काही होत नाही, कुणाला लागत नाही. पण हळद लागताना पाठ उघडी पडणार, गव्हाणच्या बायका बघणार, आणि भर मांडवात कोणी काही बोललं तर?

चंद्रावती जवळा निवडत होती. खाली बघूनच म्हणाली, ‘पाठीला हळद मी लावेन. धवला म्हणता म्हणता लावेन. दुसऱ्या कुणाचा हात तिथं जाणार नाय.’

‘आणि कोणी पुढं आली तर?’

‘धवला चालू असताना मला हटवून कोण पुढं येते, बघू.’

भामाचा जीव भांड्यात पडला. मीच दोघींना चहा केला.

त्यानंतर काही दिवसांनी देवेशची आई आणि तिची जाऊ, दोघी भामाकडे आल्या. मी तिथेच होते. चहा घेतला, बिस्किटं घेतली. मग देवेशच्या आईने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘आमाला आत घ्या. पोरीला जरा बघायची हाय.’

‘साखरपुड्यात बघितली की,’ भामा म्हणाली.

‘तशी नाय. पाठ बघायची हाय.’

भामा उठून आतल्या दाराशी उभी राहिली. दिपिका आतल्या खोलीत होती, तिने कडी घातली ती कडी आम्हाला सगळ्यांना ऐकू आली. दोघी उठल्या. ‘आमी मंग कळवतो,’ म्हणाल्या आणि गेल्या.

भामा तशीच माझ्या ओट्यावर आली. चंद्रावती सूप घेऊन बसलेलीच होती. भामा बसली नाही.

‘आपण तिघी व्हतो,’ ती म्हणाली. ‘माझ्या पोरीचं मी बाहेर सांगणार नाय. राह्यल्या तुमी दोघी.’ माझ्याकडे बघितलं, मग चंद्रावतीकडे. ‘गव्हाण कुणाचं म्हायेर हाय?’

‘माझं,’ चंद्रावती म्हणाली.

बस, एवढंच बोलली. दुसरी कोणी असती तर छाती बडवली असती, गावदेवीची शपथ घेतली असती. हिने पुढचा खडा उचलला. भामाने तोंड फिरवलं आणि गेली.

मला ते गप्प बसणं खटकलं. खोटं कशाला सांगू? बरं, भामाने कोडाचं सांगितलं त्या दुपारनंतर चंद्रावती भाच्याच्या पोराच्या बारशाला गव्हाणला जाऊनही आली होती. बारशात शंभर गोष्टी निघतात. एखादी निसटली असेल? मी घरात भाकरी थापताना तेच, अंथरुणावर पडले की तेच. तिघींत मी नाही, भामा नाही. मग उरतं कोण?

भामाने लग्नाला उरणकडची दुसरी धवलारीण सांगितली, तिला बोलावण्याचा नारळ दिला. गोष्ट फुटायला वेळ लागत नाही. वरच्या आळीतल्या एका घरी पण लग्न होतं, त्यांनीही चंद्रावतीला बोलावलं नाही. ती दुकानात शिरली की बायका साखरेच्या भावाचं बोलायला लागायच्या. धवलारणीचा आवाज बसला तर काढा घेऊन उठतो. पण तिच्या तोंडाचाच भरवसा गेला, तर कोण तिला आपल्या मांडवात, आपल्या मेलेल्या माणसांत उभी करील? आणि धवले गेले तर चंद्रावतीचं राहिलं काय? बहिरा नवरा आणि सूप.

शेवटी मला राहवेना. एका दुपारी मीच तिला हाक मारून ओट्यावर आणली. डोळ्यावर कापड टाकलं, दोनदा गुंडाळलं.

‘चंद्रा, खरं सांग. बारशात काय निघालं का तोंडून?’

‘नाय.’

‘मंग तसं भामाला सांग ना.’

‘नाय म्हणून सांगितलं तर तिला पटणार हाय? तुला पटलं का आता?’

मी उगाच तिच्या सुपात खडा शोधायला लागले.

‘मालू, तुझ्या घरचं एवढ्या वर्षांत मी कुणाला बोल्ले?’

‘नाय बोल्लीस.’

‘तुला कसं कळणार? बोलणारी असते तर तुझ्या तोंडावर थोडीच बोल्ले असते.’ आणि चक्क हसली. ‘बघ. एकदा संशय धरला की कशाला पण चिकटतो.’

मला तिचा रागही आला आणि कीवही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘माझ्या घरात आता झाकायला काय राह्यलंय? सुनेला दोन भाकऱ्या थापायचा कंटाळा. बाहेरून डबा मागवते आणि माझ्या लेकाला सांगते, मी केलं.’

‘आई! असं कधी सांगितलं मी?’

आवाज डोक्यावरून आला. आम्ही दोघी एकदम उभ्या राहिलो. सूप पडलं, जवळा ओटाभर झाला. रस्त्यावर कोणी नव्हतं, दारात कोणी नव्हतं. चंद्रावतीने हळूच वर बघितलं.

‘मालू,’ ती म्हणाली, ‘तुझा झाकलेला देव बोल्ला.’

मी म्हटलं, ‘वसुंधरा?’

वरून नुसती खरखर.

‘वसुंधरा, खाली ये!’

‘आई, मी पुण्यात आहे,’ कापड म्हणालं.

हसू येण्यासारखंच होतं, पण मी हसले नाही. मी विचारलं, ‘डोळा तर झाकला व्हता. मंग तू आमचं ऐकतेस कशी?’

‘त्याला माइक वेगळा असतो, आई. कापडाने आवाज अडत नाही.’

‘आणि रोज ऐकतेस?’

चंद्रावती वाकून जवळा गोळा करायला लागली होती. मान वर न करता म्हणाली, ‘विचार तिला. दिपिकाचं ऐकलं का?’

मी विचारलं. मग बारीक आवाज आला. ‘मी कुणाला नाही सांगितलं. फक्त अनुष्काला.’

अनुष्का म्हणजे तिची सख्खी बहीण. बहिणीला सांगितलं म्हणजे कुणाला सांगितल्यात जमा नाही, असा तिचा हिशोब. पुढचंही कापडानेच सांगितलं. अनुष्का उलव्याला भाड्याने राहते. घरमालक गव्हाणचे, आणि ते म्हणजे देवेशच्याच घरचे. अनुष्का मालकीणबाईंना, म्हणजे देवेशच्या आईलाच, जिन्यात भेटली आणि म्हणाली, ‘किती छान हो तुम्ही, मुलीच्या पाठीवर कोड आहे तरी काही मनावर न घेता सून करून घेताय!’ तिने कौतुक केलं हो. आणि त्या बाईला तोवर पत्ताच नव्हता.

‘रविवारी ये,’ मी म्हटलं. ‘गाडीत बस आणि ये. जे काय असेल ते तुझ्या तोंडानं भामाला सांग. तिथून, वरून नको.’

मग मी स्टुलावर चढले आणि कापड काढायच्या ऐवजी तो डोळाच वायरीसकट उपटला. भिंतीचा गिलावा पडला. पडू दे.

रविवारी वसुंधरा आली. डोळे सुजलेले. भामाकडे जाताना वाटेत म्हणाली, ‘आई, मी चोरून ऐकायला म्हणून नव्हते ऐकत. तिकडे आमच्या मजल्यावर कुणी कुणाशी बोलत नाही. काम करताना कानात तुमच्या गप्पा असायच्या, बरं वाटायचं. तुम्ही कापड टाकलं की तर आणखीच मजा यायची.’

‘अगो, मग ओट्यावर येऊन बसायचं. भाकरी पण थापायला शिकली असतीस.’

ती हसली नाही, मीही नाही.

भामाने आम्हाला आत घेतलं. दिपिका घरीच होती. वसुंधराने सगळं सांगितलं, एकही शब्द इकडे-तिकडे न करता. ‘चंद्रावतीकाकूंचा काही संबंध नाही. चूक माझी आहे.’

भामा ऐकत होती आणि डोळे बारीक करत होती. मग माझ्याकडे वळली. ‘मालू, मैतरणीला वाचवायला सुनेला शिकवून आणलंस का?’

बघा. खरं बोलायला पुण्याहून माणूस आणलं, तर तेही संशयात.

वसुंधराने मग फोन काढला. काहीतरी दाबलं. आणि फोनमधून भामाचाच आवाज यायला लागला. त्या दुपारचा. हळू, रडवेला. ‘खांद्याच्या खाली हाय... तळहाताएवढं...’ मागे चंद्रावतीच्या सुपाची सरसर. माझ्या कपांचा आवाजसुद्धा.

‘बंद कर!’ भामा ओरडली. तिने दोन्ही हातांनी स्वतःचेच कान झाकले.

दिपिकाने वसुंधराच्या हातातून फोन घेतला, आवाज थांबवला आणि परत तिच्या हातात दिला. ‘हे पुसा. माझ्यासमोर.’

वसुंधराने पुसलं.

‘आणखी कुठे आहे हे?’

‘कंपनीकडे असेल बहुतेक. तिकडून मी काढायला सांगते.’

‘बहुतेक?’

‘मला नक्की माहीत नाही गं.’

दिपिका हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मग आईकडे वळली. ‘देवेशला मी साखरपुड्याच्या आधीच सांगितलंय. दाखवलंय पण. त्याला चालतं. काल त्याने आईला सांगितलं, माझी बायको तुम्ही तपासायची नाही. त्या फुगून बसल्यात, बसू देत. पण आई, तू कशाला सांगत फिरलीस? पाठ माझी होती ना?’

भामाला ओट्यावर रडून मोकळं व्हायचं होतं, एवढीच तिची चूक. पोरीचं म्हणणंही काही खोटं नव्हतं. मी मध्ये पडले नाही.

दुसऱ्या दिवशी भामा उरणला गेली. तिथल्या धवलारणीचे पाय धरले, तिचा मान तिला दिला आणि दिलेला शब्द सोडवून घेतला. मग नारळ घेऊन चंद्रावतीच्या दारात उभी राहिली. चंद्रावतीने तिला बराच वेळ तशीच उभी ठेवली. शिवा मधूनच विचारत होता, ‘कोण आयलंय?’ कोणी उत्तर देत नव्हतं.

शेवटी चंद्रावतीने नारळ घेतला. ‘येईन. पोरीच्या पाठीला हळद मी लावेन असं बोल्ले व्हते, म्हणून येईन.’

हळदीच्या दिवशी तिने दारात टोपली ठेवली. आत येणाऱ्या प्रत्येकीने फोन त्यात टाकायचा. गव्हाणच्या बायकांनी कुरकुर केली, फुगूनच का होईना, पण आलेल्या देवेशच्या आईने तर पर्स छातीशी धरली. चंद्रावती दारात आडवी उभी. शेवटी तो फोनही टोपलीत पडला. मग तिने दार लावलं आणि धवला सुरू केला, तो खारा आवाज. म्हणता म्हणता दिपिकाच्या मागे गेली आणि पाठीला हळद लावली, खांद्यापासून खाली, सावकाश. कोणी पुढे आली नाही. पण मी बघत होते, त्या खोलीतली एकही बाई नवरीकडे बघत नव्हती. सगळ्या एकमेकींच्या पदराकडे बघत होत्या, कुणी चोरून दुसरा फोन आणलाय का म्हणून.

आळ गेला असं मी म्हणणार नाही. वरच्या आळीतल्या काही जणी अजून म्हणतात, मालूच्या सुनेने दुसऱ्याचं पाप आपल्यावर घेतलं. एकदा जिभेवर बसलेलं बोलणं उठायला वेळ लागतो. पण भामाने घराघरांत जाऊन खरं सांगितलं, आणि पुढच्या लग्नाची बोलावणी चंद्रावतीकडे यायला लागली आहेत.

आम्ही तिघी पुन्हा ओट्यावर बसतो. दाराच्या वर भिंतीत खड्डा आहे, तो मी बुजवलेला नाही. पण परवा भामा जवळ सरकली आणि म्हणाली, ‘चंद्रा, दिपिकाच्या सासूचं एक सांगायचं हाय...’ तर चंद्रावतीने हात वर केला.

‘नको सांगूस.’

‘अगो, ऐक तरी.’

‘मांडवात बोलवा, मी येईन. गळा फाटेस्तोवर म्हणेन. पण मला आता कोणी काय सांगू नका. ठेवायला माझ्याकडं जागा नाय.’

भामा तोंडात शब्द धरून बसली. मग घरी गेली.

मला स्वतःला एक गोष्ट गेला महिनाभर चंद्रावतीला सांगायची आहे. माझ्याच जिवाची आहे, निकेशला कळली तर तो दुसऱ्या दिवशी दहा कॅमेरे ठोकील. इतकी वर्षं असलं काही झालं की मी तिच्याकडे जायची आणि ती सूप पुढे ओढायची. आता जाते, बसते, चहा घेते, शिवाला दोनदा ओरडून ‘बरी हाय’ सांगते आणि परत येते. काय आहे ते इथेही लिहीत नाही. ती ऐकेल तेव्हा तिला सांगेन.